घरच्या एस्प्रेसोसाठी प्रिसिजन बास्केट घ्यावे, की आधी आहे त्याचीच घडी नीट बसवावी?

गिरणाकाठ, पाचोरा

नमस्कार मंडळी,

गेल्या दिवाळीत मी घरी एस्प्रेसोचे यंत्र आणले. एकच बॉयलर, ५८ मिलिमीटरचा पोर्टाफिल्टर (कॉफीचे बास्केट बसवून यंत्राला लावायचा दांडा) आणि तीन साधी बटणे, एवढाच त्याचा संसार आहे. सोबत हाताने फिरवायचा ग्राइंडर घेतला असून त्याची कडी एक टिक फिरवली की दाते १६ मायक्रॉनने जवळ येतात किंवा दूर जातात. बिया चिकमगळूरच्या अरेबिकाच्या, मध्यम भाजणीच्या असतात आणि भाजल्यापासून दहा-बारा दिवस झाल्यावरच मी पुडा फोडतो.

माझी कृती सर्वांना ठाऊक असलेलीच आहे. १८ ग्रॅम कॉफी दळून यंत्रासोबत आलेल्या दुहेरी बास्केटमध्ये, म्हणजे तळाला भोके असलेल्या दोन कपांच्या वाटीत भरतो, टॅम्परने (दाबायच्या ठोकळ्याने) दाबतो आणि कपात ३६ ग्रॅम पेय उतरले की बटण बंद करतो. अडचण अशी की दळण, वजन आणि दाब यांपैकी काहीही न बदलता एके दिवशी शॉट, म्हणजे एका वेळची धार, २१ सेकंदांत संपतो, तर दुसऱ्या दिवशी ३५ सेकंदांपर्यंत रेंगाळतो. चव त्याहून चमत्कारिक आहे. पहिला घोट आंबट लागतो आणि घशाखाली उतरताना तोच कडू होतो, म्हणजे कच्चे आणि करपलेले एकाच ताटात वाढावे तसा प्रकार. पोर्टाफिल्टरच्या दोन तोट्यांपैकी डाव्या तोटीतून नेहमी जास्त कॉफी येते. शेवटी पोर्टाफिल्टर काढला की आतली दाबलेल्या कॉफीची चकती चिखलासारखी ओली निघते आणि तिच्या मध्यावर वरून पाणी सोडणाऱ्या जाळीच्या स्क्रूचा स्पष्ट ठसा उमटलेला असतो. आई रोज एकदा स्वयंपाकघरात डोकावून ‘हाई काय कडू पानी से रे?’ असे विचारून जाते आणि मला अजून तिला समाधानकारक उत्तर देता आलेले नाही.

परवा रात्री वीज गेली तेव्हा सहज म्हणून रिकामे बास्केट मोबाइलच्या विजेरीवर उपडे ठेवले. छतावर चांदण्या उमटल्या. त्या नीट पाहिल्यावर लक्षात आले की एका बाजूच्या बऱ्याच चांदण्या मंद आहेत, दोन ठिकाणी शेजारच्या भोकांचा प्रकाश जवळजवळ एकमेकांत मिसळला आहे आणि कडेला चांगली चार-पाच मिलिमीटर रुंदीची गोल पट्टी पूर्ण काळी आहे, म्हणजे तिथे भोकेच नाहीत. तेव्हापासून सगळा दोष बास्केटचाच आहे असे मनाने घेतले आहे.

मला विचारायचे आहे ते असे. व्हीएसटी किंवा आयएमएस या कंपन्यांसारखे काटेकोर भोकांचे बास्केट घेतल्याने ही धरसोड थांबेल का? घ्यायचे झाल्यास १८ ग्रॅमचे घ्यावे की २० ग्रॅमचे, आणि कडेला खाच असलेले की बिनखाचेचे? माझा टॅम्पर ५८ मिलिमीटरचा आहे, तोही बदलावा लागेल का? बास्केट आणि टॅम्पर मिळून मला सहा हजारांच्या आसपास खर्च सांगण्यात आला आहे आणि तेवढ्या पैशांत माझ्या घरी दोन-अडीच महिन्यांच्या बिया येतात, म्हणून आधी जाणकारांना विचारावे असे वाटले.

चाळणीवाला, जळगाव

गिरणाकाठ भाऊ, आपण बास्केट विजेरीवर धरलेत हे वाचून बरे वाटले, कारण आमच्या घरचा धंदा डाळमिलचा आहे आणि जाळी उजेडाकडे धरून पाहिल्याशिवाय ती चाळणीच्या चौकटीत बसवायची नाही, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पत्र्यात ठोकून पाडलेल्या भोकाची एक बाजू गुळगुळीत असते आणि दुसऱ्या बाजूला बारीक बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, राहतो. ठोकणारा पंच झिजला की बर वाढतो, भोक लहान होते किंवा वाकडे पडते. डाळीच्या चाळणीत त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो, कारण एकाच जाळीच्या दोन कोपऱ्यांतून वेगवेगळ्या जाडीची चुरी खाली पडते. कॉफीत तोच परिणाम जिभेला कळतो, पण कारण दिसत नाही.

भोकांच्या आकारातला फरक किरकोळ मानू नये. भोकाचा व्यास केवळ १० टक्क्यांनी वाढला तरी त्याचे क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते. एस्प्रेसोच्या बास्केटची भोके साधारण एक तृतीयांश मिलिमीटरची असतात, त्यामुळे तीन शतांश मिलिमीटरची चूकही तेवढ्यापुरती मोठी ठरते. चांगल्या प्रिसिजन बास्केटमध्ये तीन गोष्टी साधलेल्या असतात. भोके जवळपास एकसारखी असतात, ती तळाच्या कडेपर्यंत पसरलेली असतात आणि बास्केटची भिंत सरळ उभी असते. आपण छतावर पाहिलेली काळी पट्टी म्हणजे दुसऱ्या गोष्टीचा अभाव. त्या पट्टीवर बसलेल्या कॉफीतून पाणी सरळ खाली जाऊ शकत नाही, ते तिरके होऊन आतल्या भोकांकडे वळते, आणि म्हणून कडेच्या कॉफीचा अर्क कमी उतरतो. व्हीएसटीने २०१० च्या सुमारास आपली बास्केटे बाजारात आणली तेव्हा प्रत्येक नगाची भोके प्रतिमा घेऊन तपासलेली असतात, हाच त्यांचा मुख्य दावा होता. त्याआधी घरगुतीच काय, कॅफेतल्या यंत्रांसोबत येणारी बास्केटेही तपासून घेण्याची फारशी कोणाला गरज वाटत नसे.

एवढे सगळे बास्केटच्या बाजूने बोलूनही आपल्या बाबतीत मी त्याला लगेच दोषी ठरवणार नाही. पाण्याला मुख्य अडथळा कॉफीच्या थराचा होतो, पत्र्याचा नव्हे. वाकडी भोके रोज तितकीच वाकडी असतात, त्यामुळे त्यांनी शॉट रोज सारखाच बिघडवायला हवा. आपला शॉट मात्र एके दिवशी २१ आणि दुसऱ्या दिवशी ३५ सेकंदांचा होतो. रोज बदलणारी गोष्ट पत्र्यात सापडत नाही. ती आपल्या हाताखाली, भरण्यात आणि दाबण्यात आहे.

पहिला संशय मला त्या स्क्रूच्या ठशाचा येतो. यंत्रासोबत येणारी बरीच दुहेरी बास्केटे १४ ते १६ ग्रॅमच्या बेताची असतात आणि त्यांत १८ ग्रॅम भरले की चकती वरच्या जाळीला टेकते. पोर्टाफिल्टर फिरवून घट्ट करताना जाळी त्या चकतीला मुरगळते, दाबलेला थर वरून भेगाळतो आणि मग पाणी त्या भेगेतूनच वाट काढते. शॉट झाल्यानंतरचा ठसा मात्र पुरावा म्हणून कच्चा आहे, कारण पाणी पिऊन चकती फुगते आणि पुरेशी जागा असलेल्या बास्केटमध्येही कधीकधी ठसा उमटतो. म्हणून कोरडी तपासणी करावी. कॉफी नेहमीप्रमाणे दाबून तिच्यावर एक स्वच्छ नाणे ठेवावे, पोर्टाफिल्टर यंत्राला पूर्ण घट्ट लावावा, बटण न दाबता तो परत काढावा आणि नाणे कॉफीत रुतले आहे का ते पाहावे. रुतले असेल तर त्याची खूण नाहीशी होईपर्यंत एकेक ग्रॅम कॉफी कमी करत जावे.

दुसरा संशय गुठळ्यांचा. हाताच्या ग्राइंडरमधून बारीक दळण पडताना त्याच्या गुठळ्या होतात आणि नुसते वरून दाबल्याने त्या आतल्या आत तशाच राहतात. जॉन वाइस यांनी २००५ मध्ये सुईने दळण ढवळून सारखे करण्याची युक्ती मांडली, ती आज बहुतेक सगळे वापरतात. बाटलीच्या बुचात ०.३ ते ०.४ मिलिमीटरच्या पाच-सहा सुया खोवल्या की अवजार तयार होते. तळापासून सुरुवात करून ढवळत वर यावे. नुसता वरचा थर खरवडून काही उपयोग नाही.

डाव्या तोटीवरून मात्र कोणताही निष्कर्ष काढू नये. ओट्यावर गवंड्याची पाणसळ ठेवून पाहावी. नव्वद टक्के घरांत ओटा मोरीकडे उतरता असतो आणि कॉफीही त्याच उताराने जाते.

या दोन्ही गोष्टी केल्यावर शॉटची वेळ दोन-तीन सेकंदांच्या आत स्थिर झाली आणि तरीही आंबट-कडूची तक्रार उरली, तर मग बास्केटकडे वळावे. त्यासाठीही आधी फुकटची परीक्षा आहे. साध्या गाळण-कॉफीच्या कागदाचे बास्केटच्या तळाएवढे गोल कापून, ओले करून तळाशी बसवावे आणि त्यावर नेहमीप्रमाणे कॉफी भरावी. कागदामुळे बारीक भुकटी भोकांत अडकत नाही आणि बंद भोकांवरचे पाणीही आडवे सरकून शेजारच्या भोकाकडे जाऊ शकते. कागद घातल्यावर चव लक्षात येण्याइतकी सुधारली, तर दोष तळाचा होता असे समजायला हरकत नाही.

जाता जाता आणखी एक. खोक्यावर १५ बार लिहिलेले असते ती पंपाची कमाल ताकद असते. १९६१ च्या फाएमा ई-६१ या यंत्रापासून रूढ झालेला दाब ९ बारच्या आसपासचा आहे आणि बऱ्याच घरगुती यंत्रांत तो आतल्या झडपेच्या स्प्रिंगवर ठरतो. आपल्या यंत्रात तो १२-१३ बार असेल, तर कमी अडथळ्याच्या नव्या बास्केटमध्ये कॉफीला भोके पडण्याचा त्रास वाढूही शकतो.

तिसरा फलाट, भुसावळ

चाळणीवाला दादांनी बरेच काही सांगितले आहे, त्यामुळे मी फक्त माझी फजिती सांगते, म्हणजे निदान आपले पैसे त्या वाटेने जाणार नाहीत.

दोन वर्षांपूर्वी मीही असेच उत्साहाने १८ ग्रॅमचे बिनखाचेचे बास्केट मागवले. तेव्हा माझ्याकडचा ग्राइंडर मुळात गाळण-कॉफीसाठी केलेला होता आणि त्याच्या टिका फार मोठ्या होत्या. नव्या बास्केटमध्ये जुन्याच दळणाने पहिला शॉट काढला तो १३ सेकंदांत संपला, रंगाने चहासारखा आणि चवीला लिंबू पिळल्यासारखा. म्हणून एक टिक बारीक केले, तर यंत्र पाऊण मिनिट नुसते कण्हत राहिले आणि कपात चार थेंब पडले. या दोन टिकांच्या मधल्या कुठल्यातरी जागी चांगली कॉफी होती, पण तिथे माझा ग्राइंडर थांबतच नव्हता. ते बास्केट आखाजीपासून पोळ्यापर्यंत खणात पडून राहिले आणि शेवटी ग्राइंडर बदलल्यावरच बाहेर आले. जास्त आणि मोकळ्या भोकांमुळे नव्या बास्केटमध्ये पाणी लवकर उतरते, म्हणून दळण जुन्यापेक्षा बारीक करावेच लागते, आणि ते बारीक करण्याच्या पायऱ्या लहान असाव्या लागतात. आपला १६ मायक्रॉनचा ग्राइंडर या कामी पुरेसा आहे. याहून बारीक पायरीचे हातग्राइंडरही मिळतात, पण आपल्याला त्यांची गरज पडेल असे मला वाटत नाही.

टॅम्परच्या बाबतीत माझे मत असे. सरळ भिंतीच्या बास्केटमध्ये ५८ चा टॅम्पर घातला की कडेने पाव मिलिमीटरभर फट उरते आणि दाबल्यावर तिथे सैल कॉफीची बारीक कडा उभी राहते. ५८.५ चा टॅम्पर ती कडाही दाबतो. फरक पडतो, पण बास्केटइतका नाही. मी पहिले तीन महिने ५८ वरच काढले, दाबून झाल्यावर बास्केट एकदा हलकेच टेकवून कडेचे दळण खाली बसवत असे आणि पुन्हा एकदा दाबत असे. पैसे एकदम घालवू नयेत. एक मात्र लक्षात ठेवावे की ५८.५ चा टॅम्पर आपल्या जुन्या, तळाकडे निमुळत्या बास्केटमध्ये अडकून वाकडा बसू शकतो, म्हणजे तो घेतल्यावर जुन्याकडे परतणे अवघड होते.

खाचेचा प्रश्न सोपा आहे. पोर्टाफिल्टरच्या आत तारेची एक स्प्रिंग असते, ती खाचेत बसून बास्केट धरून ठेवते. खाच नसली तर बास्केट चटकन निघते, वजनकाट्यावर ठेवून त्यातच कॉफी मोजता येते आणि धुणे सोपे जाते. मात्र चकती झटकताना बास्केटही कचऱ्याच्या डब्यात जाण्याची शक्यता असते. माझे दोनदा गेले. स्प्रिंग काढून बोटांनी किंचित फाकवून परत बसवली, त्यानंतर ती तक्रार राहिली नाही.

आकारात १८ च घ्यावे. या बास्केटांवर लिहिलेल्या वजनाच्या एक ग्रॅम अलीकडे-पलीकडे जाता येते, त्याहून फार नाही. मोठे घेऊन कमी भरता येईल असा विचार करून मी एकदा मैत्रिणीचे २२ ग्रॅमचे लावून पाहिले, तर ते इतके खोल होते की तोटीच्या पोर्टाफिल्टरच्या तळालाच टेकले आणि वर बसेचना.

खरे सांगायचे तर सहा हजारांपैकी पहिले दोनशे रुपये मी लेथवाल्याला देईन. माझा एक जास्तीचा पोर्टाफिल्टर होता, तो मी औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर नेऊन त्याचा तळ तोट्यांसकट कापून घेतला. वर क्रोम आणि आत पितळ असल्यामुळे कापलेली कड पिवळीधमक निघाली. ती कानशीने आणि मग पाण्याच्या पॉलिशपेपरने गुळगुळीत करून घ्यावी, नाहीतर बोट कापते. असा तळ नसलेला पोर्टाफिल्टर लावला की बास्केटचा तळ उघडा दिसतो. सगळीकडे एकाच वेळी थेंब धरून मग मध्यावर एक जाड, मधासारखी धार जमली तर भरणी चांगली झाली. एका कोपऱ्यातून आधीच फिकट चिळकांडी उडाली तर तिथे भेग आहे. पहिल्या आठवड्यात माझ्या ओट्यामागच्या टाइल्सवर, चष्म्यावर आणि एकदा कॅलेंडरवरच्या संकष्टीवर कॉफी उडाली होती, पण त्या आठवड्याने मला जे शिकवले ते तोट्यांनी वर्षभरात कळू दिले नव्हते.

आणखी एक आपल्याकडचीच गोष्ट. भुसावळच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना उघडलेला पुडा चार दिवसांत उतरतो आणि पाणी भराभर वाहू लागते. तेव्हा दोष बास्केटवर जातो. मी पुडा आला की १८-१८ ग्रॅमच्या लहान हवाबंद बाटल्या भरून फ्रीजरमध्ये ठेवते आणि लागेल तशी एकेक काढते. पावसाळा लागला की दमट हवेत दळण पुन्हा एखादी टिक सरकवावे लागते, ते वेगळेच.

सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा

मी थोडा विरोधी सूर लावतो, त्याबद्दल राग नसावा.

आपण एस्प्रेसो तशीच पिता की दूध घालून, हे आपण लिहिलेले नाही. गडद भाजणीच्या कॉफीत दीडशे मिलिलिटर दूध आणि वर साखर जाणार असेल, तर प्रिसिजन बास्केटने काढलेला फरक दुधात विरघळून जातो. मी स्वतः दोन्ही बास्केटांतून दूध-कॉफी करून घरच्यांना न सांगता दिली. चौघांपैकी एकालाही ओळखता आले नाही. मध्यम किंवा फिकट भाजणी बिनदुधाची प्यायची असेल तरच हा खर्च अंगाला लागतो.

दुसरे म्हणजे पाणी. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) माझ्या मीटरवर ७०० च्या आसपास दिसतो आणि चहाच्या पातेल्यात पांढरा थर धरतो. तोच थर बॉयलरमध्ये, झडपेत आणि जाळीच्या भोकांत बसतो. जाळीची निम्मी भोके बंद झाली असतील तर पाणी वरूनच एका बाजूला पडते आणि खाली कितीही देखणे बास्केट लावले तरी धार एकांगीच राहते. आपण खालची भोके विजेरीवर पाहिलीत, तशी वरची जाळीही स्क्रू काढून एकदा पाहावी. दुसऱ्या टोकाला निव्वळ आरओचे पाणी घातले तर कॉफी सपक लागते. अमेरिकेच्या स्पेशालिटी कॉफी संघटनेने कॉफीच्या पाण्यासाठी १५० टीडीएस हे लक्ष्य आणि ७५ ते २५० ही मर्यादा सांगितली होती. माझ्या आरओचे पाणी ४० दाखवते, म्हणून मी पाच भाग आरओ आणि एक भाग बोअर असे मिसळतो आणि मीटर बरोबर १५० वर येतो. अर्थात हा मीटर सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो, त्यांत थर धरणारे किती हे तो सांगत नाही, त्यामुळे तीन महिन्यांनी सायट्रिक ॲसिडने यंत्र साफ करणे मी सोडलेले नाही. यंत्राच्या पुस्तिकेत त्याची मनाई नाही ना, तेवढे मात्र पाहून घ्यावे.

आणि बास्केट कोणतेही असो, कॉफीचे तेल भोकांत वाळते. आठवड्यातून एकदा गरम पाण्यात कॉफी-यंत्राची धुण्याची पूड घालून अर्धा तास भिजवावे. टाचणीने भोके कोरू नयेत, कारण काटेकोर भोकांचे पैसे दिल्यावर ती आपल्याच हाताने वेडीवाकडी करण्यात काय अर्थ आहे?

पांझरेचा पूल, धुळे

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझे यंत्र ५१ मिलिमीटरचे आहे आणि सोबत आलेल्या बास्केटला आतून भरपूर भोके आहेत, पण बाहेरून पाहिले तर मध्यावर एकच भोक दिसते. त्यातून क्रेमा (कॉफीवरचा तपकिरी फेस) मात्र भरपूर येतो. मलाही प्रिसिजन बास्केट घेऊन फायदा होईल का?

चाळणीवाला, जळगाव

धुळेकर भाऊ, आपले बास्केट दुहेरी तळाचे आहे. त्यात दाब कॉफीच्या थरामुळे निर्माण होत नाही, बाहेरच्या त्या एकुलत्या भोकामुळे होतो, आणि तो क्रेमाही बराचसा त्या भोकातून फवारल्यामुळे झालेला फेस असतो. बाजारातून दळून आणलेल्या कॉफीला तेच योग्य. घरी एस्प्रेसोइतके बारीक दळणारा ग्राइंडर असेल तर ५१ मिलिमीटरचे साधे एका तळाचे बास्केट आधी घ्यावे. आपल्या बाबतीत मोठी उडी तीच आहे. ग्राइंडर नसेल तर तूर्त काहीच घेऊ नये.

गिरणाकाठ, पाचोरा

तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे. दादा, ताई आणि शहाद्याचे भाऊ, सर्वांचे मनापासून आभार.

नाणे १८ ग्रॅमला सरळ कॉफीत रुतले, १७ ला त्याची कड उमटली, १६ ला पुसट खूण राहिली आणि १५ ला काहीच नाही. म्हणजे सहा महिने मी पंधराच्या भांड्यात अठरा कोंबत होतो. आरओच्या दुकानदाराने दिलेल्या बुचात सुया खोवून ढवळायला सुरुवात केली आणि १५ ग्रॅमला ३० ग्रॅम पेय या मापाने दहा दिवस शॉट काढले. सर्वांत जलद २६ सेकंदांचा आणि सर्वांत सावकाश २९ सेकंदांचा झाला. डाव्या तोटीचे रहस्य पाणसळीने उलगडले. ओटा खरोखरच मोरीकडे उतरता आहे आणि यंत्राच्या दोन पायांखाली पत्ते खेळायच्या जुन्या कॅटमधली पाने ठेवल्यावर दोन्ही कप सारखे भरू लागले. वरची जाळी काढली तेव्हा तिच्यामागे कॉफीच्या तेलाचा काळा लेप होता, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

वेळ स्थिर झाली तरी शेवटचा कडवटपणा थोडा उरला होता. मी कॉफी बिनदुधाचीच पितो, त्यामुळे तो लपत नव्हता. कागदाची परीक्षा केली आणि पहिल्याच कपात तो कडवटपणा निम्म्याहून कमी झाला. दुसऱ्या दिवशी कागदाशिवाय, तिसऱ्या दिवशी कागदासह, असे आलटून पालटून आठ दिवस केले आणि पत्नीला न सांगता चाखायला दिले. आठांपैकी सात वेळा तिने कागदाचा कप बरोबर ओळखला. मग मात्र १८ ग्रॅमचे बिनखाचेचे बास्केट मागवले, टॅम्पर सध्या जुनाच ठेवला.

नवे बास्केट विजेरीवर धरले तेव्हा छतावरचे ठिपके अगदी कडेपर्यंत आणि सारख्याच उजेडाचे उमटले. जुन्या दळणावर पहिला शॉट १७ सेकंदांत गेला, ताईंनी सांगितल्यासारखाच. एकेक टिक कमी करत पाचव्या टिकेवर ३६ ग्रॅमला २९ सेकंद लागले. आता चकती कोरडी निघते आणि एका ठोक्यात सुटते. चवीत आंबटपणा आहे, पण तो संत्र्याच्या सालीसारखा, दाताला न लागणारा आहे, आणि शेवटी कडूऐवजी गुळाच्या काकवीसारखे काहीतरी जिभेवर राहते. हे सगळे एका बास्केटने झाले असे मी म्हणणार नाही. माझ्या हिशेबाने बारा आणे काम नाण्याने, सुयांनी आणि जाळीच्या सफाईने केले, चार आणे बास्केटने.

एक चिळकांडी अजून उरली आहे. भुसावळच्या ताईंचे ऐकून पोर्टाफिल्टरचा तळ कापून आणला, त्यात दिसते की घड्याळात सात वाजता तास-काटा असतो त्या जागेवर तीन-चार दिवसांतून एकदा बारीक धार उडते. बास्केट अर्धे फिरवून लावले तरी ती सातावरच राहते, म्हणजे ती भोकांमुळे नाही. मी उजव्या हाताने दाबताना टॅम्पर त्या बाजूला उचलला जातो की काय, असा संशय आहे. कोणाला असा अनुभव असल्यास कळवावे.

जुने बास्केट पंधरा ग्रॅमच्या लहान कपासाठी जपून ठेवणार होतो, पण आईने ते खसखस धुवायला घेतले आहे. भोके खसखशीपेक्षा बारीक असल्यामुळे एक दाणाही वाया जात नाही असे तिचे म्हणणे आहे, त्यामुळे ते मला परत मिळेल असे दिसत नाही.